पिक्चरच्या आधीची ती पाच मिनिटं परत द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या लहानपणी मेन पिक्चरच्या आधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची डॉक्युमेंटरी लागायची, थेटरवाल्यांना ती दाखवणं कम्पल्सरी होतं, आणि निम्मं पब्लिक तेवढ्या वेळात बाहेर शेंगदाणे खात उभं असायचं. मलाही वाटायचं धरणं, उद्घाटनं, पूर, दुसरं काय असणार. परवा मुलीने तिथल्याच दिग्दर्शक प्रमोद पतींची १९७२ची 'आबिद' लावून दिली आणि मी थक्कच झाले. चित्रकार आबिद सुरती एका खोलीत भिंती रंगवतायत, पण जिवंत माणूस एकेक फ्रेम थांबवून शूट केलाय, त्यामुळे ते चालत नाहीत तर बाहुलीसारखे झटके घेत इकडून तिकडे सरकतात आणि बघता बघता सगळी खोली रंगाने भरून जाते. संगणक नाही काही नाही, नुसती चिकाटी!

मग नादच लागला. पतींचीच 'एक्सप्लोरर' (१९६८), निवेदन अजिबात नाही, नुसती चित्रं आणि आवाज अंगावर येतात. एस.एन.एस. शास्त्रींची 'आय अ‍ॅम ट्वेंटी' (१९६७), त्यात स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली पोरं-पोरी कॅमेऱ्यासमोर मनातलं बोलतात, कुणी भरभरून, तर कुणी सरळ सांगतो की देशाबद्दल प्रेम वगैरे काही नाही, आणि हे सरकारी पैशाने बनलेल्या फिल्ममध्ये! आज कोण ठेवेल असं वाक्य? जाँ भावनगरींसारखा माणूस तेव्हा फिल्म्स डिव्हिजनचा सल्लागार होता, त्याने या लोकांना मोकळं सोडलं म्हणून हे झालं. 'एक चिडिया, अनेक चिडियाँ' तर सगळ्यांना पाठ आहे, पण ते ज्यात आहे ती 'एक अनेक और एकता' ही १९७४ची फिल्म आपल्या विजया मुळ्यांची आणि संगीत वसंत देसाईंचं, हे किती जणांना माहितीय?

मोबाईलवर बघून भागत नाही हो, या फिल्म्स अंधारात शंभर लोकांबरोबर मोठ्या पडद्यावर बघायला केलेल्या आहेत. आज थेटरात पिक्चरआधी इतक्या जाहिराती दाखवतात, त्यातली पाच मिनिटं यांना द्या, आणि जिल्ह्याच्या गावातल्या फिल्म सोसायट्यांनीही मनावर घ्यावं, एवढीच कळकळीची विनंती.

गेल्या रविवारी आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतीला चादर लावून 'आबिद' दाखवली. चौथीतला एक मुलगा संपल्या संपल्या ओरडला, 'काकू, परत लावा ना!' तीनदा लावली.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा