पावसाळ्यापूर्वीच्या तयारीत दातांनाही जागा हवी

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाने पावसाळ्याच्या तोंडावर नागरिकांसाठी पूर्वतयारीची जी यादी छापली, ती कात्रण काढून ठेवावी अशी आहे. विजेरी, भरून ठेवलेली पॉवर बँक, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली कागदपत्रे, पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ, रोजची औषधे असे बहुतेक सारे तीत आले आहे. दातांचा उल्लेख मात्र तीत नाही, आणि माझ्या पाहण्यात आलेल्या इतर याद्यांतही तो नव्हता. बाकीच्या वस्तू आपल्या वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीचे पाणी चढू लागल्यावरही धावपळ करून दुकानातून आणता येतात. किडलेली दाढ तेवढी आदल्या दिवशी दुरुस्त करून मिळत नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी दंतवैद्य नाही. रावपुऱ्यात माझे औषधांचे दुकान आहे, आणि दातांच्या बाबतीत आपल्या लोकांची जी चालढकल दवाखान्यात फारशी दिसत नाही, ती आम्हाला काउंटरवर रोज दिसते. रात्री दुकान बंद करण्याच्या सुमारास गालाला हात लावून जो माणूस पायरी चढतो, तो काय मागणार हे ओळखायला चिठ्ठी लागत नाही. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब किंचित वाढतो आणि सुजलेल्या नसेला दाताच्या आत फुगायला जागाच नसते, त्यामुळे दिवसभर सोसलेली दाढ रात्री ठणकू लागते. दोन गोळ्यांवर रात्र निघते आणि काही दिवसांनी तोच माणूस मोठ्या समाधानाने सांगतो की, आता दुखायचे आपोआप थांबले. हे थांबणे पुष्कळदा बरे होण्याचे लक्षण नसते. आतली नस मेलेली असते आणि जंतूंचे काम मुळाच्या टोकाशी निमूटपणे चालू असते. ती दाढ पुन्हा कधी उसळेल याचा नेम नसतो, आणि ती ऐन पुरात उसळली तर काय होते ते आपल्या शहराने पाहिलेले आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या सुमारास, विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली, ही गोष्ट वडोदरेकर विसरलेले नाहीत. त्याआधी २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस कोसळला होता. अशा दिवसांत नदीवरचे पूल बंद झाले की अकोटा-अलकापुरी एकीकडे आणि दांडिया बाजार-रावपुरा दुसरीकडे असे शहराचे दोन तुकडे पडतात. तुमचा नेहमीचा दंतवैद्य पलीकडच्या तीरावर असेल तर पाणी ओसरेपर्यंत तो तुमचा नसतोच. आणि तो अलीकडे असला तरी दातांच्या खुर्चीला वीज लागते, कॉम्प्रेसरची हवा लागते आणि स्वच्छ पाणी लागते. तापाच्या रोग्याला डॉक्टर मेणबत्तीच्या उजेडात तपासून औषध लिहून देऊ शकतो, पण दाढेतली कीड मेणबत्तीच्या उजेडात कोरता येत नाही. शिवाय बहुतेक दवाखाने तळमजल्यावर असतात आणि कॉम्प्रेसर तर जमिनीलगतच ठेवलेला असतो. त्यात पाणी शिरले की वीज परत आल्यानंतरही दवाखाना लगेच सुरू होत नाही. संकट पाण्याचेच असायला हवे असेही नाही. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत शहर कोरडे ठणठणीत होते, तरीही दात कोरताना उडणाऱ्या तुषारांतून संसर्ग पसरण्याच्या भीतीने दंतवैद्यांची बहुतेक कामे कित्येक आठवडे थांबली होती, आणि आमच्या दुकानात दाढदुखीच्या गोळ्यांना तेव्हा जी मागणी आली, ती एरवी कधी पाहिली नव्हती.

या सगळ्यात मला सर्वांत धोक्याची वाटते ती अर्धवट सोडलेली रूट कॅनाल. पहिल्या बैठकीत दंतवैद्य दाढ उघडतो, आतली सडलेली नस काढतो, औषध ठेवतो आणि वरून तात्पुरता मसाला भरून पुढची तारीख देतो. ठणका त्याच दिवशी उतरतो, आणि नेमके तिथेच घोडे पेंड खाते. पुढच्या तारखेला घरात लग्न असते, नाही तर मुलाची परीक्षा असते, नाही तर महिनाअखेर असते. तो तात्पुरता मसाला काही आठवड्यांच्याच बोलीने भरलेला असतो. तो झिजतो, कडेने लाळ आत झिरपते आणि पोकळ झालेल्या दाढेत जंतूंना आयते घर मिळते. पुढे एखाद्या दिवशी शेंगदाण्याने किंवा सुपारीच्या खांडाने ती दाढ उभी चिरते आणि मग ती वाचवण्याचा प्रश्नच उरत नाही. दोष सगळा रोग्याचा आहे असे मी म्हणणार नाही. रूट कॅनालनंतर दाढेवर कॅप, म्हणजे पक्के टोपण, बसवायची म्हटले की मध्यम घराचे महिन्याचे गणित कोलमडते, आणि अपघात वगळता दातांच्या बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च बहुतेक आरोग्यविम्यांत धरलेला नसतो. तरीही माझे म्हणणे असे की, नवे काही करवून घेणे जमत नसेल तर निदान सुरू केलेले काम जूनच्या मध्यापूर्वी पुरे करावे, आणि कॅप परवडत नसेल तर दंतवैद्याला तसे मोकळेपणाने सांगून निदान पक्के भरण तरी करून घ्यावे. मार्च-एप्रिलमध्ये तपासणी झाली तर दोन-तीन बैठकींचे काम पावसाच्या आत आरामात उरकते.

दाढेमुळे कुणाचा जीव जात नाही, असा एक समज आपल्याकडे घट्ट आहे. तो खरा नाही. खालच्या दाढांच्या मुळाशी साचलेला पू जिभेखालच्या आणि हनुवटीखालच्या भागात उतरला तर सूज घशाकडे सरकून श्वासाची वाट अडवू शकते. तोंड दोन बोटांइतकेही उघडेना, थुंकी गिळता येईना, आवाज घोगरा झाला, गळा फुगला, सूज डोळ्यापर्यंत चढली किंवा सुजेबरोबर थंडी वाजून ताप भरला, तर तो रोगी दातांच्या दवाखान्याचा राहत नाही. त्याला मिळेल त्या वाहनाने, पाणी असेल तर बचाव पथकाच्या बोटीने, सयाजी रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे. १०८ ला किंवा नियंत्रण कक्षाला फोन करताना ‘दाढ दुखते’ असे न सांगता ‘गळ्याला सूज आली आहे, श्वास घ्यायला त्रास होतो’ असे सांगावे, कारण दाढेचे नाव ऐकताच समोरचा माणूस प्रकरण हलके समजण्याचा संभव असतो. मधुमेही मंडळींनी तर विशेष जपायला हवे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा संसर्ग लवकर बळावतो आणि हिरड्यांत संसर्ग असला की साखर आटोक्यात येत नाही.

आता गोळ्यांविषयी, कारण तो माझा धंदा आहे. दाढदुखीसाठी म्हणून लोक जी गोळी मागतात, तिच्यात पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन किंवा ॲसिक्लोफेनॅक मिसळलेले असते. तेच लोक तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतात आणि दोन्हींची बेरीज करत नाहीत. धडधाकट प्रौढ माणसालाही चोवीस तासांत पॅरासिटामॉल चार ग्रॅमपेक्षा अधिक जाता कामा नये आणि यकृत कमजोर असेल तर त्याहूनही बेताने घ्यायला हवे. पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांत शहरात डेंग्यूची शंका असतेच, आणि डेंग्यूत आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या जातीच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून ताप आणि दाढदुखी एकदम असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नुसत्या पॅरासिटामॉलपलीकडे जाऊ नये. मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर, रक्त पातळ ठेवण्याची गोळी, गरोदरपण यांपैकी काही असेल तरी हाच नियम लागू आहे. अँटिबायोटिकच्या बाबतीत तर आम्ही हात टेकले आहेत. चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटले की गिऱ्हाईक पुढच्या दुकानाकडे वळते, दोन दिवस गोळ्या खाते आणि सूज उतरली की उरलेली पट्टी घरच्या डब्यात ‘पुढच्या वेळेसाठी’ ठेवते. पुवाचे मूळ दाढेत तसेच असते. ते दंतवैद्याने साफ केल्याशिवाय किंवा दाढ काढल्याशिवाय कोणत्याही गोळीने जात नाही.

लवंगेच्या तेलाबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. कापसाच्या लहानशा बोळ्यावर एखादा थेंब घेऊन तो किडलेल्या खळग्यात ठेवला तर तात्पुरता आराम पडतो, पण बाटली हिरडीवर ओतली तर हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीशी दाबून ठेवण्याचा जुना उपाय तर सोडूनच द्यावा. त्याने आतली त्वचा पांढरी पडून सोलून निघालेली मी पाहिली आहे.

वृद्ध माणसांच्या कवळीचा विचार तर कुणीच करत नाही. २०२४ च्या त्या पुरात शेजारच्या वहिनींच्या सासूबाईंना रात्री घाईघाईने वरच्या मजल्यावर हलवले, तेव्हा त्यांची कवळी नेहमीप्रमाणे मोरीच्या कट्ट्यावर स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवलेली होती. ती वाटी, तो कट्टा आणि पाठोपाठ सारे स्वयंपाकघर पाण्याखाली गेले. दुसऱ्या दिवशी मदतीची पाकिटे आली. त्यांत पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि गाठिया होते. देणाऱ्यांच्या मनात काही कमी नव्हते, पण आजींना त्यातला एक घासही चावता येईना, आणि पाणी ओसरेपर्यंत त्यांनी दिवस काढले ते चहात बुडवलेल्या बिस्किटांवर. त्यांना साखरेचा त्रास आहे, हे येथे सांगितले पाहिजे. कवळीसाठी झाकणाची छोटी डबी मिळते; तिच्यावर नाव लिहून ती रात्री उशाशी ठेवावी आणि घर सोडताना चष्म्याबरोबर उचलावी, एवढीच ही तयारी आहे. पुराच्या पाण्यात पडलेली कवळी नुसती विसळून तोंडात घालू नये आणि निर्जंतुक करण्याच्या उत्साहात ती उकळूही नये, कारण उकळल्याने तिचा आकार बिघडतो. मदत वाटणाऱ्या मंडळांनाही विनंती आहे की, पाकिटांत मऊ खिचडी किंवा उपमा असा एखादा चावावा न लागणारा पदार्थ थोड्या प्रमाणात तरी असावा.

घरच्या आपत्कालीन पिशवीत माणशी एक कोरा ब्रश, पेस्टची लहान ट्यूब, थोडे मीठ, निर्जंतुक गॉज आणि कापूस असावा. पुराच्या पाण्याने भिजलेले ब्रश धुऊन वापरू नयेत, सरळ टाकून द्यावेत, आणि चूळ भरण्याचे पाणीही पिण्याच्या पाण्याइतकेच शुद्ध असावे. निघालेली कॅप जपून ठेवावी. ती फेविक्विकने चिकटवण्याचा उद्योग कुणी करू नये. ओल्या जिन्यावरून घसरून मुलाचा पक्का दात मुळासकट निखळला तर तो मुळाला न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, माती असल्यास स्वच्छ पाण्यात किंवा दुधात क्षणभर विसळावा, घासू नये, आणि जमल्यास लगेच त्याच खाचेत बसवावा. ते जमले नाही तर दुधात ठेवून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

महानगर सेवासदन, म्हणजे आपली महापालिका, दर वर्षी पावसाळ्यापूर्वी नाले आणि कांस, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारे चर, साफ करण्याची मोहीम हाती घेते. त्याच सुमारास, म्हणजे एप्रिलच्या अखेरपर्यंत, नदीकाठच्या प्रभागांत दंततपासणीची शिबिरे झाली तर त्यांचा खरा उपयोग होईल. आपली मराठी मंडळे आणि गणेशोत्सव मंडळे अशी शिबिरे घेतात, पण ती बहुधा उत्सवाच्या दिवसांत, म्हणजे भाद्रपदात, पाणी येऊन गेल्यावर होतात. त्यांत तोंड तपासून मोफत पेस्ट वाटली जाते आणि छायाचित्र निघते. ज्याच्या दाढेवर पिवळा तात्पुरता मसाला तसाच आहे त्याला पुढच्या उपचाराची तारीख आणि जागा लिहून दिलेली मी तरी पाहिलेली नाही. शहरात आणि शहरालगत दंत महाविद्यालये आहेत आणि अशा महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या हातून, अध्यापकांच्या देखरेखीखाली, खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात रूट कॅनाल होते. मंडळांनी आपापल्या भागातल्या अर्धवट उपचाराच्या रोग्यांची नोंद करून त्यांना तेथे नेण्या-आणण्यासाठी रविवार सोडून एखादा दिवस गाडी ठरवली, तर शिबिरावर होतो तेवढ्याच खर्चात हे काम होईल असे मला वाटते.

आपल्या यादीची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा ‘रोजची औषधे’ या ओळीखाली ‘कवळीची डबी, ब्रश, आणि दातांचे सुरू असलेले काम जूनच्या मध्यापूर्वी पूर्ण’ एवढी भर घालावी, ही विनंती. कळावे.

आपला,
एक औषधविक्रेता
रावपुरा, वडोदरा