पप्पा, धाकटीला परत पाठवू नका

बर्लिन, रविवार

आदरणीय पप्पा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम. आईलाही सलाम सांगा.

परवा फोनवर धाकटीबद्दल तुम्ही म्हणालात, "ख्रिस्ती माणसानं साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची असते, तिनं नांदायला परत जावं." तुमच्यापुढे उलट बोलायची मला सवय नाही, म्हणून लिहिते आहे. शास्त्र वाचायला मला तुम्हीच शिकवलंत, आणि तुम्ही आपल्या चर्चच्या मंडळीचे पंच आहात. तेव्हा जे बोलायचं ते शास्त्र उघडूनच बोलते.

साताच्या सत्तर वेळा हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात, त्याच्या थोडं आधी, प्रभूनं अपराध करणाऱ्या भावाचं काय करायचं ते सांगितलं आहे. आधी एकांतात जाऊन त्याला त्याचा अपराध दाखवा. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांगा, आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुम्हाला परक्यासारखा होवो. जावयांच्या बाबतीत यातलं पहिलं पाऊल तरी कुणी टाकलं का? धाकटी सुजलेलं तोंड घेऊन माहेरी आली आणि बैठक बसली ती तिनं कसं सोसावं यावर. त्यांना समोर बसवून कुणी विचारलं नाही.

क्षमेच्या त्या वचनानंतर लगेच राजाचा दाखला येतो. दहा हजार तालांताचं अफाट कर्ज ज्याला माफ झालं, तो बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबतीच्या दासाचा गळा धरतो. पुढचं वचन आपल्याकडे संदेशात फारसं कुणी घेत नाही. बाकीच्या दासांनी ते पाहिलं, त्यांना फार वाईट वाटलं आणि त्यांनी जाऊन धन्याला सगळं सांगितलं. गळा धरलेल्यालाच "तू माफ कर" असं ते म्हणाले नाहीत. धन्यानंही त्यांना चहाडखोर ठरवलं नाही, त्या दासालाच बोलावून जाब विचारला. पप्पा, या दाखल्यात आपली जागा त्या दासांची आहे.

तुम्ही योहानातल्या, व्यभिचारात धरलेल्या त्या स्त्रीचंही नाव काढलंत, की पहिला दगड कोण मारणार. पण त्या गोष्टीत दगड ज्यांच्याजवळ होते त्यांना प्रभूनं तिच्यापासून दूर घालवलं. आधी तिचा जीव वाचवला, मग तिलाही सांगितलं, यापुढे पाप करू नकोस. दोन्ही गोष्टी त्यानंच केल्या. आपल्या घरात हात कुणी उचलला, आणि आपण वाचवतो आहोत कुणाला?

इथं राहून मला ही गोष्ट जास्तच टोचते. या शहरात डीट्रिख बॉनहॉफर नावाचे पाळक होते. १९३१-३२ मध्ये ते इथल्या कामगार वस्तीतल्या दांडगट पोरांना दृढीकरणासाठी, म्हणजे मंडळीत विश्वासाची जाहीर कबुली देण्याच्या विधीसाठी, शिकवायचे आणि त्यांच्याजवळ राहता यावं म्हणून त्याच भागात खोली घेऊन राहिले. प्रीती कमी असलेला माणूस असं करत नाही. याच माणसानं १९३७ मध्ये 'स्वस्त कृपे'विरुद्ध लिहिलं: पश्चात्तापाशिवाय क्षमेचा संदेश, पापांगीकाराशिवाय प्रभुभोजन. त्या काळी यहुदी वंशाच्या पाळकांना मंडळीतून काढायचे ठराव होत होते आणि भले भले ख्रिस्ती लोक शांततेच्या नावाखाली गप्प होते. बॉनहॉफर गप्प बसले नाहीत. पुढे हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाले आणि ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी स्टुटगार्टला अपराधाची कबुली दिली. आम्ही अधिक धैर्यानं साक्ष दिली नाही, असं तिच्यात आहेच. अधिक उत्कटपणे प्रीती केली नाही, असंही आहे. त्या गप्प बसण्याला त्यांनी प्रीतीतली उणीव म्हटलं.

आपल्या घरची गोष्ट तेवढी मोठी नाही, मला कळतं. पण जिला मार बसतो तिच्यासाठी ती तेवढीच मोठी असते. आणि आपल्या मुलखात तरी हे नवं कुठं आहे? पंडिता रमाबाईंनी दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं केलं ते निराधार बायकांना आसरा मिळावा म्हणूनच. आपण त्यांचं नाव किती अभिमानानं घेतो!

भावाभावांनी कोर्टात जाऊ नये असं पौल करिंथकरांना लिहितो, हे तुम्ही म्हणणार. पण तिथं तो व्यवहाराच्या तंट्यांबद्दल बोलतो. त्याच्याच आधीच्या अध्यायात उघड पाप खपवून घेणाऱ्या मंडळीला त्यानं झाडलं आहे. आणि स्वतःवर अन्याय होतो आहे हे पाहून त्यानं रोमच्या कैसराकडे, म्हणजे बादशहाकडे, दाद मागितली. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा धाकटीसाठीच आहे. संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार देता येते, संरक्षणाचा, राहण्याचा, खर्चाचा हुकूम कोर्टाकडून मागता येतो. त्यानं मंडळीची अब्रू जात नाही. ती गेलीच असेल तर हात उचलला त्या दिवशी गेली.

जावयांचा द्वेष करा असं मी मुळीच म्हणत नाही. तेही ख्रिस्तानं ज्यांच्यासाठी प्राण दिला त्यांच्यातलेच आहेत. मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते, आणि ते खचून जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. दारू सोडायला पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घ्यायला ते तयार असतील तर सगळा खर्च मी करीन. पण दारू सुटली की हात सुटायचा थांबतोच असं नाही, हे इतकी वर्षं नर्सचं काम करताना पाहिलं आहे. शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयानं नुसतं चुकलो म्हटलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला काढली आणि लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायला तयार झाला. आपल्याला तसं काही दिसू द्या. त्यांनी सगळ्यांसमोर कबूल करावं, उपचार पुरे करावेत, आणि धाकटीनं स्वतःहून ठरवीपर्यंत तिच्या दारात येऊ नये. तिनं नको म्हटलं तर तेही आपण मानायचं. क्षमा ती करीलही, तिचं मन तुम्हाला माहीत आहे. पण क्षमा केली म्हणून त्याच घरात राहायला जायलाच हवं, असं शास्त्रात कुठं लिहिलं आहे ते मला दाखवा.

पंचांची बैठक होण्याआधी तुम्ही आणि पाळकसाहेब, दोघं मिळून जावयांना भेटा. धाकटीला मात्र त्या भेटीला नेऊ नका. मधल्या काळात ते दारात येऊन गोंधळ घालू लागले तर महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर लावायला आईला सांगून ठेवा, शेजारी काय म्हणतील याचा विचार करू नका. तिच्या शिवणाच्या क्लासच्या फीचे पैसे कालच पाठवलेत. शनिवारी रात्री फोन करते, तेव्हा तिलाही जवळ बसवा. जे काही ठरेल ते तिला विचारून ठरू दे.

तुमची लेक