पावसाळ्यात घर लावताना: चि. समीरला पत्र

फोंडा, गोवा
दि. १८ मे

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

पणजीतले घर निश्चित झाले आणि तुम्ही तिघे जूनच्या पहिल्या आठवड्यात राहायला येणार, हे वाचून आम्हा दोघांना फार आनंद झाला. मात्र ज्या आठवड्यात तुमचे सामान उतरणार, त्याच सुमारास गोव्यात पाऊस पोचतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. तू इथेच वाढलास, तरी पावसाळ्यात घर चालवणे तुझ्या वाट्याला कधी आले नाही, आणि बारावीनंतर तर तू बाहेरच राहिलास. सौ. मृणालचे माहेर सोलापूरचे. तिकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याहून अधिक पणजीत एकट्या जुलैत पडतो आणि चार महिन्यांची बेरीज ३००० मिलिमीटरच्या घरात जाते. सुरुवातीचे काही दिवस तिला हौस वाटेल. पुढे दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट लागू लागले की तिचा जीव मेटाकुटीला येईल. ते अगदी स्वाभाविक आहे. त्या दिवसांत घरकामाचा निम्मा भार तू उचलायचा आहेस, हे आताच सांगून ठेवते.

माझे मुख्य सांगणे एवढेच की, इथल्या पावसाळ्यात दिवस घड्याळावर न बेतता उघडिपीवर बेतावा लागतो. उघडीप अर्ध्या तासाची असो वा दोन तासांची, ती मिळाली की हातातले काम बाजूला ठेवून आधी खिडक्या उघडाव्यात, पंखे लावावेत, गाद्या उभ्या कराव्यात, कपाटांची दारे सताड उघडावीत. पाऊस येतो म्हणून दिवसभर घर बंद करून बसणाऱ्यांच्या घरात स्वयंपाकाची आणि न्हाणीघराची वाफ कोंडते आणि तिथूनच बुरशीला सुरुवात होते. धुणे रोज थोडे थोडे काढावे, आठवड्याचे साठवू नये. कपडे एकमेकांना न चिकटवता पंख्याखाली पसरावेत आणि अंगावर घालण्यापूर्वी त्यांवरून इस्त्री फिरवावी. जाड जीन्स आणि टर्किशचे मोठे टॉवेल दसऱ्यापर्यंत बांधून ठेवले तरी चालतील. पातळ पंचे लवकर वाळतात. एसी असेल तर त्यातला ‘ड्राय’ हा पर्याय रात्री तासभर चालवावा, खोलीतली ओल तो बरीच खेचून घेतो.

लाकडी कपाट बाहेरच्या भिंतीला कधीही टेकवू नकोस. मधून हात जाईल एवढी जागा सोड. आठवड्यातून एकदा तिथे तळहात लावून पाहा. भिंत गार आणि किंचित चिकट लागली, चुन्याचे पोपडे बोटांना लागले, की समजावे की ओल आत शिरली आहे. त्यानंतर चारआठ दिवसांत काळ्या-हिरव्या ठिपक्यांची रांग उमटते. ती झाडूने झटकू नये, कारण कोरडी बुरशी हवेत उडते आणि लहान मुलांच्या छातीला बाधते. पाण्यात थोडे ब्लीच घालून, तोंडाला रुमाल बांधून, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड मात्र चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. चामड्याचे पट्टे, बूट आणि पाकिटे यांच्यावर तर पांढरा बुरा हमखास धरतो, म्हणून रोजच्या वापराला रबरी चपलाच बऱ्या. प्रमाणपत्रे, घराचे करारपत्र आणि तुझा कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव.

स्वयंपाकघराची तयारी पाऊस लागण्याआधीच व्हायला हवी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे ताजी मासळी थोडी आणि महाग मिळते. म्हणून तर आपल्याकडे मे महिन्यातच पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी उरकतात. खारे बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), कांद्याच्या माळा, आमसुले, चिंच, मिठातल्या कैऱ्या हे सगळे मी आपल्या घरच्यासोबत तुमच्यासाठीही घेतले आहे. रवा भाजून ठेवावा, पीठ थोडे थोडे दळून आणावे, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे घालावेत. आणि बाजारात टाकळा, अळू, तेरे दिसले की अवश्य घ्यावे. ही रानभाजी याच दिवसांतली, आणि मृणालला ती आवडेल अशी माझी खात्री आहे.

आता प्रकृतीचे. याबाबतीत मी तुला जराही सूट देणार नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो, आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर रविवारी कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागची ताटली आणि बाल्कनीतल्या बादल्या उपड्या करून पुसायच्या. ताप आला तर रक्ततपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. रस्त्यावरच्या पाण्यातून अनवाणी चालायचे नाही. उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू पायावरच्या लहानशा ओरखड्यातूनही शरीरात शिरतात. अशा पाण्यातून आल्यावर ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे आणि डोळ्यांत लाली दिसली, तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगावे. घरी येताच साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, नाहीतर चिखल्या होतात. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे, छकुलीसाठी तर नक्कीच.

पणजीचा सखल भाग मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की तुंबतो, कारण नाल्यांतले पाणी तेव्हा बाहेर पडू शकत नाही. तुमचे घर तळमजल्यावर आहे, म्हणून भरतीची वेळ रोज पाहत जा आणि अशा दिवशी गाडी उंचावर लाव. पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल वर येते, तेव्हा स्कूटर सावकाश चालव. वीज वारंवार जाते. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवला आहे का, हे घरमालकांना विचार. साप दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नये. दंश झालाच तर दोरी न बांधता, झाडपाल्यात वेळ न घालवता, १०८ ला (रुग्णवाहिकेला) फोन करून थेट बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जावे. समुद्रात उतरण्याचे मात्र ऑक्टोबरपर्यंत नावही काढायचे नाही.

किल्ली हातात आली की लगेच कळव. तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशी मी आणि बाबा जाऊन खिडक्यांच्या कडा व बाल्कनीची मोरी पाहून येऊ, आणि पुरुमेताचे डबे तिथेच मांडून ठेवू.

सौ. मृणालला आशीर्वाद, छकुलीला गोड पापा.

तुझी,
आई