पेन्सिलच्या खुणेबाहेरचा डाग

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, आपल्या वरच्या खोल्या भाड्याने घ्यायला म्हणून बघून गेलेल्या जोडप्याबद्दल काल फोनवर तुम्ही म्हणालात, "खोल्या बघायला आले होते की पंचनामा करायला?" तेव्हा हसलो, पण फोन ठेवल्यावर मला माझेच दिवस आठवले. अकरा वर्षं भाड्याच्या घरांत काढली मी. दर वेळी असाच नळ सोडून बघायचो, कपाटामागे डोकावायचो आणि मालकांच्या कपाळावरची आठी दिसूनही न दिसल्यासारखी करायचो.

त्यातले एक मालक कशालाही "काही काळजी करू नका" म्हणायचे. राहायला गेल्यावर कळलं, की खाली कुणी नळ सोडला की आमच्या शॉवरची करंगळीएवढी धार व्हायची. आधी सांगितलं असतं तरी मी ते घर घेतलं असतं, अंघोळीची वेळ बदलली असती इतकंच. पण ते लपवलं म्हटल्यावर त्यांच्या कुठल्याच शब्दावर माझा भरवसा राहिला नाही, आणि निघताना डिपॉझिटवरून व्हायचं ते भांडण झालंच.

म्हणून त्या जोडप्याला लगेच चिकित्सक ठरवू नका. त्यांच्या मुलाला दमा आहे म्हणाले ना? मग ओलीबद्दल विचारणारच. "जुना डाग आहे" हे तुमचं उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. आईनेच मला सांगितलं, की तिने डागाभोवती पेन्सिलने खूण करून ठेवली होती आणि डाग आता त्या खुणेच्या दोन बोटं बाहेर गेलाय. (आई, हे तू त्यांच्यासमोर बोलली नाहीस, बाबांकडे बघून गप्प बसलीस, हेही कळलं मला.)

आता एक करा. वीतभर पारदर्शक प्लास्टिक घ्या, भिंत वरून कोरडी पुसा आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून ते डागावर एक-दोन दिवस राहू द्या. आतल्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीतूनच येतंय. बाहेरची बाजू दमट झाली तर खोलीत हवा खेळत नाही. भिंतीतून येत असेल, तर गळती बंद होऊन भिंत वाळेपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नका. ओलीवर मारलेला रंग फुगतो, पापुद्रे सुटतात आणि पुढच्या बघायला येणाऱ्याला तर पहिलं तेच दिसतं. शिवाय भिजलेली जागा 24 ते 48 तासांत वाळली नाही तर बुरशी धरू शकते. मला संशय गच्चीच्या पाइपाचा आहे, पानांनी तुंबला असेल.

पाण्याबद्दलही तोंडी ग्वाही देऊ नका. स्वयंपाकघरातला नळ चालू ठेवून बाथरूममध्ये 10 लिटरची बादली लावा आणि त्यांनाच घड्याळ बघू द्या. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला 5 लिटर, हिशेब त्यांच्या डोळ्यांसमोर.

डिपॉझिटचा प्रश्न तुम्हाला लागला, हे मी समजू शकतो. "आम्ही काय कुणाचे पैसे बुडवणारे वाटलो?" पण बाबा, ते तुम्हाला ओळखत नाहीत हो. त्यांच्या मनात आधीचा कुणीतरी मालक असेल. किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून खोल्यांचे फोटो काढायचे, पंखे-दिवे मोजून लिहायचे, मीटरचं रीडिंग टिपायचं आणि खाली दोघांच्या सह्या. रंग फिका पडणं, उंबऱ्यापाशी फरशी झिजणं हे वापरातलं, त्याचे पैसे कापायचे नाहीत. फरशी फुटली, दार मोडलं तर ते नुकसान. हे करारातच लिहा. किती दिवसांत पैसे परत, तेही.

दुरुस्तीचं विचारलं की "बघू, करून घेऊ" हे आपल्या घरातलं लाडकं उत्तर. ते तेवढं सोडा. करणार असाल तर तारीख सांगा, नसाल तर नाही म्हणा. गाडीला छप्पर करून मिळणार नाही, हे आजच ऐकून ते गेले तर जाऊ देत.

आई, तुझ्यासाठी वेगळी तक्रार आहे. "तुम्ही वर किती वेळा येता?" या त्यांच्या प्रश्नावर तू म्हणालीस, "आपलंच घर आहे, केव्हाही येऊ." तू मायेने म्हणालीस, त्यांना धडकी भरली असणार. गळती वगैरे तातडीचं सोडून आदल्या दिवशी कळवल्याशिवाय वर जायचं नाही, असं त्यांना सांगून टाक. आणि त्यांचा पगार-नोकरी विचारायची तर आधी येऊन गेलेल्यांना विचारलीस तेवढीच विचार. दुसरं मूल कधी, हे नको.

बाबा, फोन तुम्हीच करा त्यांना. ओल आहे, कारण शोधतोय, वाळल्यावर पुन्हा बघायला या, एवढंच बोला. गच्चीचा पाइप बघायला माणूस शनिवारी येतोय, मी ठरवलंय. तोवर शिडी अंगणातच राहू दे, तुम्ही गच्चीवर चढायचं नाही.

तुमचा,
बाळू