ई-सायकलची बॅटरी घरपोच येते, मग घरून का नेत नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीच्या सोसायट्यांमध्ये हल्ली ई-सायकली दिसू लागल्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा ऑनलाइन मागवलेल्या असतात. त्यांच्यासोबत येणाऱ्या बॅटरीच्या वॉरंटीबद्दल हे पत्र आहे.

मी महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. पहिल्या पाळीच्या वेळी रिक्षा मिळणे मुश्कील, म्हणून दिवाळीत एका कंपनीच्या वेबसाइटवरून सुमारे ३५ हजारांची ई-सायकल घेतली. मोटर २५० वॅटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत, त्यामुळे लायसन्स नको, आरटीओची नोंदणी नको. सायकल चांगली आहे. ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून, घामाघूम न होता कामावर पोचता येते. माझ्या पाळीतल्या दोघीतिघी ती बघूनच घ्यायचे ठरवत होत्या.

जूनच्या पावसात एका सकाळी ती सुरूच झाली नाही. चार्जिंगला लावली तर चार्जरचा दिवा लगेच हिरवा. आमच्या कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियन दादांनी मल्टिमीटर लावून पाहिले. चार्जर ४२ व्होल्ट बरोबर देत होता, ३६ व्होल्टच्या बॅटरीच्या तोंडाशी मात्र जवळजवळ शून्य. दादांच्या मते सेल शाबूत असावेत, आतल्या बीएमएस सर्किटने (बॅटरीवर लक्ष ठेवून तिचे रक्षण करणाऱ्या) पुरवठा तोडला असावा. दुरुस्ती बहुधा लहानशीच असेल. पण बॅटरीचे सील तोडले की वॉरंटी संपली, असे कार्डावर छापलेले. तुर्भ्यातला एक कारागीर ती उघडायला तयार होता, तरी मी उघडू दिली नाही.

कंपनीला कळवले. आधी व्हॉट्सॲपवरचे ठरावीक संदेश, मग तिकीट नंबर, मग व्हिडिओ पाठवा, तोच व्हिडिओ पुन्हा पाठवा. शेवटी उत्तर आले की बॅटरी स्वखर्चाने कुरिअर करून आमच्या वर्कशॉपला पाठवा, तपासून सांगू. वर्कशॉप दुसऱ्या राज्यात.

बॅटरी पिशवीत घेऊन कोपरखैरणे आणि वाशीतल्या कुरिअरवाल्यांकडे गेले. ‘लिथियम सुटी घेत नाही, ताई,’ हेच सगळीकडे ऐकले. त्यांचे काही चुकत नाही. लिथियम-आयन बॅटरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत धोकादायक मालात मोडते. सुट्या बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे, आणि बिघडलेल्या बॅटरीसाठी नियम आणखी कडक. रस्त्याने पाठवायची तरी विशिष्ट पॅकिंग, लेबल, मालाबद्दलचे घोषणापत्र लागते. कोपऱ्यावरच्या कुरिअरवाल्याकडे ही सोय कुठून असणार? बॅटऱ्या रोज पाठवणाऱ्या कंपनीकडे मात्र ती असते. ग्राहकाला जे करता येत नाही तेच वॉरंटीची अट म्हणून घालायचे, म्हणजे वॉरंटी नाकारण्याचाच प्रकार झाला.

हे मी कळवले, तेव्हा कंपनीने नवा मुद्दा काढला. आत पाणी गेले असेल तर ते वॉरंटीत बसत नाही. जाहिरातीच्या पानावर याच बॅटरीला आयपी६७ लिहिले होते. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे ठेवली तरी आत पाणी जाता कामा नये. मग नवी मुंबईच्या पावसात कामावर जाऊन येण्याने पाणी गेलेच असेल, तर दोष मालाचा की पावसाचा? रोज मालाची तपासणी करणारी बाई म्हणून सांगते, आमच्याकडून असा माल गेला असता तर गिऱ्हाईकाने सगळी खेप परत पाठवली असती.

नोंदणीची गरज नाही, त्यामुळे या सायकली शोरूम न उघडता थेट विकता येतात. त्या स्वस्त आणि सुटसुटीत राहतात हे चांगलेच. पण वाहन विकायचे आणि त्याची जबाबदारी मोबाइलच्या कव्हराइतकीच घ्यायची, हे चालू देऊ नये. माझी मागणी साधी आहे. वॉरंटीतली बॅटरी कंपनीने स्वतःच्या खर्चाने घरून न्यावी, आणि ठाणे-नवी मुंबईत ती कोण तपासणार हे पैसे भरण्याआधी पानावर लिहावे. हे अशक्य नाही. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरून संपलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावरच टाकली आहे. मेलेली बॅटरी परत न्यायची व्यवस्था करावीच लागणार असेल, तर वॉरंटीतली का नेता येऊ नये?

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचे असते. वेबसाइटवर या अधिकाऱ्याचे नाव शोधून लेखी तक्रार करा, नुसत्या चॅटवर विसंबू नका. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली आहे. त्यानंतर कंपनीकडून पहिल्यांदा माणसाचा फोन आला, ‘पिकअपचे बघतो’ म्हणाला, अजून कोणी आलेले नाही. नाही आले तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. कंपनी कुठलीही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि त्यासाठी २ वर्षांची मुदत असते.

ज्यांच्या घरी अशीच बॅटरी पडून आहे त्यांनी बिल, वॉरंटी कार्ड आणि जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. माझ्या सायकलच्या पानावरून आयपी६७ हा उल्लेख आता काढून टाकला आहे. माझ्याकडे जुन्या पानाचा फोटो आहे, तो तक्रारीला जोडला आहे.

– एक नोकरदार वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई