तांब्या आमचा, बाजार त्यांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘स्वस्त मिळतंय, मग तक्रार कसली?’ हा कालच्या अंकातला लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध बोलणारे व्यापारी काळाबरोबर बदलायला तयार नाहीत, असं लेखक म्हणतात. हे मला फार लागलं, कारण मी बदललो होतो.

जुन्या नाशकात तांबट लेनजवळ आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, माझी तिसरी पिढी. २०१९ मध्ये मुलीनं हट्ट धरला म्हणून एका बड्या ऑनलाइन कंपनीवर माल चढवला. (कंपनीचं नाव देत नाही, पुढे नावं आलीत ती जाहीर प्रकरणांतली.) फोटो, बारकोड, पॅकिंग, सगळं पन्नाशीत शिकलो. आमचा एक लिटरचा मठारलेला, म्हणजे हातोडीनं ठोकून घडवलेला, तांब्या तिथं चांगला चालला, महिन्याला दोनशेच्या वर जायचा. त्याच्या गळ्याखाली दोन रेघा आहेत. आमचे कारागीर गळा आणि पोट वेगळं घडवून जोडतात आणि तो जोड नजरेत येऊ नये म्हणून त्यावर या रेघा मारतात.

दीड वर्षानं तिथंच कंपनीच्या स्वतःच्या ब्रँडचा तांब्या आला. आमचा ११५० रुपयांना, त्यांचा ७९९ ला. मी एक मागवून पाहिला. यंत्रावर दाबून काढलेला, एकसंध, त्याला जोडच नाही. तरी गळ्याखाली दोन रेघा, त्याच जागी! कारागिरांच्या हातात दिला. ते कितीतरी वेळ त्या रेघांवरून अंगठा फिरवत बसले. एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्याच्या भांड्याचा घाट, म्हणजे आकार, उचलणं बाजारात नवं नाही. समोरच्या दुकानदारानं उचलला तर मी चार शब्द बोलेन आणि सोडून देईन. पण माझा तांब्या पुण्याला किती जातो, बंगळुरूला किती, कोणत्या भावाला गिऱ्हाईक मागे फिरतं, हे समोरच्या दुकानदाराला कळत नाही. या कंपनीला ते रोज दिसतं. कोणाचा माल वर दाखवायचा हेही तिच्याच हातात. त्यांचा तांब्या आला आणि आमचा चौथ्या पानावर गेला. वर यायचं तर जाहिरातीचे पैसे भरा, म्हणाले. कमिशन, कुरिअर, गोदाम यांत ११५० मधले साडेतीनशे आधीच जात होते. शेवटी माल काढून घेतला. आज त्यांचा तोच तांब्या १०४९ ला आहे. स्वस्ताई कुठं गेली, ते लेखकांनी सांगावं.

आपल्याच जिल्ह्यात लासलगावला बाजार समिती कांद्याचे लिलाव चालवते, पण स्वतः गाळा थाटून कांदा विकायला बसत नाही. बसली असती तर शेतकऱ्यांनी दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पाडले असते.

बाजारात बड्या कंपन्यांनी गैरफायदा घेऊ नये हे पाहणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाचा लेखात साधा उल्लेखही नाही. दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून आयोगानं ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला जानेवारी २०२० मध्ये. कंपन्या कोर्टात गेल्या, दीड वर्ष त्यातच गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चौकशी थांबवायला नकार दिला. ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप दिल्याचा निष्कर्ष काढणारा अहवाल यायला २०२४ उजाडलं. त्यावर पुन्हा ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत याचिका. एवढ्या काळात लहान दुकान मिटून जातं हो! युरोपीय आयोगानं मात्र डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनकडून हमी घेतली, की विक्रेत्यांची खासगी आकडेवारी स्वतःच्या धंद्यासाठी वापरणार नाही. तिकडच्या विक्रेत्याला ही हमी मिळते, तर नाशिकच्या विक्रेत्याला का नको?

‘गिऱ्हाइकाला दुकानात खेचून आणा,’ असाही सल्ला लेखात आहे. मेन रोडला गाडी लावायला जागा नाही, लावली तर उचलून नेतात. भांडीबाजारापर्यंत माणूस पोचायचा कसा? महापालिकेकडे आम्ही दोनदा अर्ज दिलेत, उत्तर नाही. त्यावरही आपल्या बातमीदारांनी एकदा लिहावं.

लेखकांवर माझा राग नाही. त्यांनी एकदा दुकानात यावं. दोन्ही तांबे गल्ल्याशेजारी ठेवले आहेत. हातात घेऊन पाहावेत.

आपला,
एक भांडी व्यापारी
जुने नाशिक