प्रश्न बरोबर आहे

मॅडम,

भर पावसात सावंतवाडीहून पणजीला आलेली, पदराने वही पुसत तुमच्या टेबलासमोर उभी राहिलेली बाई तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. मला मात्र तो दिवस विसरता येत नाही.

लग्नानंतर सतरा वर्षांनी मी एम.ए.ला बसले. फ्रेंच, पोर्तुगीज, स्पॅनिश यांना 'रोमान्स भाषा' का म्हणतात, त्यात प्रेमाचा काय संबंध, एवढंच मी वर्गात विचारलं होतं. सर म्हणाले, "या वयातही रोमान्स सुटत नाही वाटतं!" सगळा वर्ग हसला. आणखी दोघांना विचारलं, त्यांनी गूगल करायला सांगितलं. त्यानंतर मी वर्गात तोंड उघडलं नाही.

तुम्ही माझ्या वहीतला प्रश्न दोनदा वाचलात. मग पेन्सिल घेऊन त्याच्याखाली लिहिलंत, 'प्रश्न बरोबर आहे.' उत्तर त्यानंतर. मॅडम, माझ्या डोळ्यांत तेव्हाच पाणी आलं होतं. पावसाचं म्हणून खपून गेलं.

मग त्याच पानावर तुम्ही देवनागरीत लिहिलंत: 'रोमानिके'. म्हणजे रोमन लोकांच्या रीतीने बोलणं. लॅटिन चर्चची, पंडितांची. बाजारात आणि चुलीपाशी बोलली जायची ती ही. लोकांना कळावं म्हणून प्रवचनं या गावठी बोलीत करा, असं 813 साली फ्रान्समधल्या तूरच्या धर्मसभेला ठरवावं लागलं! त्या शब्दाचं जुन्या फ्रेंचमध्ये 'रोमान्झ' झालं. बाराव्या शतकात लॅटिनमधल्या गोष्टी 'रोमान्झमध्ये' आणायला आणि नव्याही लिहायला लागले, आणि त्या सरदारांच्या, साहसांच्या, राजा आर्थरचा सरदार लान्सलॉट आणि राणी ग्विनिव्हिअरच्या प्रेमाच्या असल्यामुळे भाषेचं नाव गोष्टींनाच चिकटलं. फ्रेंच आणि जर्मनमध्ये आजही कादंबरीला 'रोमान' म्हणतात. दोन माणसांमधलं प्रेमप्रकरण हा अर्थ पार शेवटी आला. सरांना तेवढाच ठाऊक होता.

मी म्हटलं, आमच्याकडेही बाणभट्टाच्या संस्कृत कथेतल्या नायिकेचं नाव होतं कादंबरी, आता मराठीत तशी प्रत्येक मोठी गोष्ट कादंबरीच. तुम्ही इतक्या खुश झालात! "बस गो बाय," म्हणालात, आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक काढलंत. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीतलं, कडा कुरतडलेलं, तुमच्या आईचं. "आमच्याकडे याला रोमांसच म्हणतात." पोर्तुगीजमध्येही कादंबरी म्हणजे रोमांसच, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला वाटलं, फ्रान्समधून निघालेला तो शब्द आपल्या शेजारी कधीचा येऊन बसलाय आणि मी लाजत उभी आहे.

शिकलेली माणसं खूप पाहिली. समोरच्याला खाली न बघायला लावता शिकवणारी फार थोडी असतात. तुमची जेवणाची सुट्टी सरली, डबा तसाच बंद राहिला, हे मला बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. क्षमा असावी.

आता मी वर्गात विचारते. परवा दोनदा हात वर केला.

परीक्षा झाली की येईन, डबा मी आणते. आईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांचा रोमांस जपून ठेवा. मला तो तुमच्याकडून ऐकायचाय.

तुमची,
सावंतवाडीची विद्यार्थिनी